नखभर मागे

"इंजिन ओरडतंय तोवर काळजी नाही, ते गप्प झालं की घाबरायचं," असं अकुत्सु शिगेहारु एकदा म्हणाला होता. पुतणीच्या लग्नात त्याला उभं करून नव्या जोडप्याला चार शब्द सांगायची विनंती झाली होती, तेव्हा. एवढं सांगून तो खाली बसला. पुढचं वाक्य येईल म्हणून पाहुण्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग टाळ्या वाजवल्या. शेजारी बसलेल्या फुनाकोशीनंही वाजवल्या. वाक्याचा लग्नाशी काय संबंध, हे त्याला कळलं नव्हतं. पण शिगेला असले प्रश्न विचारणं त्यानं शाळेतच सोडून दिलं होतं.

दोघं जपानातल्या कानुमाचे. फुनाकोशीच्या घरी स्ट्रॉबेरी, अकुत्सुच्या घरी लाकूड. शिगेचे आजोबा दारांच्या जाळ्या करायचे, वडीलही, आणि पुढे तोही. बोटाएवढ्या रुंद पट्ट्या एकमेकींत बसवून, एकही खिळा न मारता, पानाफुलांची नक्षी उभी करायची. दुकानात मध्यभागी रंध्याचं यंत्र होतं. ते सुरू झालं की रस्त्यापलीकडच्या न्हाव्याचं गिऱ्हाईक दचकायचं. शिगे त्या यंत्रापाशी उभं आयुष्य उभा राहिला. कानात बोळे घातले की लाकूड काय म्हणतंय ते कळत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, म्हणून त्यानं बोळे कधी घातले नाहीत. लाकूड त्याच्याशी काय बोललं कुणास ठाऊक. यंत्र मात्र बोलत राहिलं.

फुनाकोशीकडे फळं भरायची एक लांबलचक शेड होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं गाड्या जमायच्या. जुन्या, खाली बसवलेल्या, घरी जोडलेल्या. कुणी स्प्रिंगा बदलायचा, कुणी सायलेन्सरचा पाइप स्वतः डाग देऊन जोडायचा. शेडच्या आढ्याला प्रत्येकाचा मूळ सायलेन्सर, नावाची चिठ्ठी लावून, सुक्या माशासारखा टांगलेला असे. सरकारी तपासणी जवळ आली की तो उतरवून गाडीला बसवायचा, शिक्का मिळाला की परत वर टांगायचा. तपासणीला आलेली गाडी मूळच्यासारखी असायची आणि तपासणारा माणूस तिच्याकडे मूळच्यासारखी असल्यासारखं बघायचा. दोघंही एकमेकांना वाकून नमस्कार करायचे. यात कुणाला खोटं वाटत नसे.

या रविवारांत शिगेचं काम एकच होतं. ऐकायचं.

जुन्या इंजिनात ठिणगी किती लवकर पाडायची, हे एक बोल्ट ढिला करून, डिस्ट्रिब्युटर हातानं फिरवून ठरवता येतं. ठिणगी थोडी लवकर पडली की इंजिनात ताकद येते. आणखी लवकर, आणखी ताकद. पण एका जागी हद्द संपते, आणि चढावर जोर दिला की आतून बारीक आवाज येतो, पत्र्यावर वाळू सांडावी तसा. तो आवाज आला की मागे यायचं. नाही आलं, तर पिस्टन वितळतो.

त्या आवाजासाठी शिगेनं एक साधन केलं होतं. तांब्याच्या नळीचं एक टोक ठोकून चपटं करायचं, त्याला भोक पाडून ते इंजिनाला पिळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, आणि ती खिडकीतून आत आणून लाकूडतोड्यांच्या कानझाकणात खोचायची. मालक गाडी चालवणार, शिगे शेजारी कानझाकणं लावून डोळे मिटून बसणार. शेडमागून देवडोंगराकडे जाणारा चढ होता, सीडरच्या दाट झाडीतला. गाडी चढायला लागली की सगळे त्याच्या तोंडाकडे बघायचे. बोटानं डॅशबोर्डवर टकटक केलं, तर हद्द आली. नाही, तर तो म्हणायचा, "अजून जागा आहे."

ही त्याची सवयच होती. नूडल्सचा दुसरा वाडगा पुढे आला तरी तो हेच म्हणायचा.

जागा पक्की झाली की तो खिशातून आखणीची सुरी काढायचा. सुतार लाकडावर पेन्सिलनं नाही, सुरीनं रेघ मारतो. डिस्ट्रिब्युटरची कड आणि इंजिनाचा ठोकळा, दोन्हींवरून मिळून एकच केसासारखी रेघ. पुढे तो फिरला तर रेघ तुटलेली दिसणार. जुळलेली असली तर बघायची गरज नाही. "जुळलेल्या रेघेकडे कोण बघतं," असं शिगे म्हणायचा.

फुनाकोशीला पहिल्यांदा कळलं ते तीन वर्षांपूर्वी, शरदात. गाडी त्याचीच होती, चालवत तोच होता. अर्ध्या चढावर त्याला वाळू ऐकू आली. उघड्या कानाला, खिडकी बंद असताना. त्यानं शेजारी पाहिलं. शिगे कानझाकणं लावून, डोळे मिटून, शांत बसला होता.

"अजून जागा आहे," शिगे म्हणाला.

फुनाकोशीला आधी वाटलं, थट्टा करतोय. मग आठवलं की शिगे थट्टा करत नाही. त्यानं पाय हलका केला. वाळू थांबली. वर पोचल्यावर शिगेनं उतरून डिस्ट्रिब्युटर आणखी थोडा पुढे घेतला, रेघ मारली आणि सुरी पुसली. त्या संध्याकाळी घरी जाऊन फुनाकोशीनं बोल्ट ढिला केला आणि सगळं मागे घेतलं. रेघ तुटली. अंतर नखाच्या जाडीएवढं होतं.

सांगायचं कसं, हा प्रश्न त्यानं बरेच दिवस स्वतःला विचारला. त्याच उन्हाळ्यात शिगेचं दुकान बंद झालं होतं. नव्या घरांना अॅल्युमिनियमची दारं लागतात, आणि अॅल्युमिनियमला पानाफुलांची हौस नसते. यंत्र भंगारात गेलं. उरला तो महिन्यातला एक रविवार, आणि त्या रविवारी लागणारा कान. कान गेला तर रविवार गेला, आणि रविवार गेला तर शिगेकडे नुसती वारांची नावं उरली असती. फुनाकोशीनं ठरवलं, पुढच्या महिन्यात सांगू.

पुढच्या महिन्यात बान्नो त्याच्याजवळ येऊन उभा राहिला. बान्नोचं हमरस्त्यावर नूडल्सचं दुकान, नूडल्सवर लसूणपातीचा ढीग.

"तू किती मागे घेतोस रे?" बान्नोनं आढ्याकडे बघत विचारलं.

"काय?"

"काही नाही. मी आपलं नखभर घेतो."

फुनाकोशीनंही आढ्याकडे पाहिलं. "मीही."

"करंगळीचं की अंगठ्याचं?"

"करंगळीचं."

"मग मी जरा जास्तच घेतोय," बान्नो म्हणाला, आणि पाना आणायला गेला.

या विषयावर त्या शेडमध्ये झालेलं हे एवढंच बोलणं. बाकीच्यांना कुणी काही सांगितलं नाही, तरी वर्षभरात सगळेच घरी जाऊन नखभर मागे घ्यायला लागले. शिगेनं ऐकायचं, मान डोलवायची, रेघ मारायची. यांनी वाकून आभार मानायचे, घरी जायचं आणि पाना काढायचा. सगळ्यांची इंजिनं उत्तम चालली होती. शिगेचं नाव वाढलं.

फुनाकोशीनं आणखी एक गोष्ट केली होती, ती बान्नोलाही माहीत नव्हती. शिगेची स्वतःची गाडीही त्याच चढावर, त्याच कानानं लावलेली होती. ती मागे घ्यायला कोण होतं? एका रविवारी शिगे बान्नोबरोबर जेवण आणायला गेला तेव्हा फुनाकोशीनं त्याचं बॉनेट उघडलं, नखभर मागे घेतलं, आणि तुटलेली रेघ पॉलिश कागदानं घासून पुसून टाकली. मग स्ट्रॉबेरीचे वेल छाटायच्या चाकूनं नवी रेघ मारली. ती जाड आली. दुसरी मारून बघायला जागा नव्हती. पण रेघ जुळलेली होती, आणि जुळलेल्या रेघेकडे कोण बघतं.

शिगेला स्वतःला कधी संशय आला नाही असं नाही. एकदा ऑगस्टच्या शेवटी शेडबाहेर बसून तो म्हणाला, "हल्ली रातकिडे राहिले नाहीत."

चहूकडे किर्र लागलं होतं. बान्नोला त्याच्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"फवारण्या," बान्नो म्हणाला. "हे शेतकरी लोक काही म्हणजे काही जगू देत नाहीत."

शिगेनं फुनाकोशीकडे पाहिलं.

"कमी करतो," फुनाकोशी म्हणाला. "या वर्षीपासून."

मिझुनुमा चिकागे आली ती मे महिन्यात, फळं संपत आली असताना. वृद्धांच्या दिवसघराची गाडी चालवणारी बाई, चाळिशीतली. सकाळी म्हाताऱ्यांना घरून आणायचं, दुपारी परत सोडायचं. तिच्या स्वतःच्या गाडीतून निळा धूर येत नव्हता, याचं बान्नोला आश्चर्य वाटलं.

"इंजिन कुणी बांधलं?"

"मी."

"हो, पण कुणाकडून?"

"माझ्याकडून! घरच्या छपराखाली, हिवाळाभर!"

ती सगळ्यांशीच असं मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून बोलायची. दिवसभर तसंच बोलावं लागतं, त्याची सवय.

बान्नोनं बॉनेटखाली डोकं घातलं. "जोडून झाल्यावर किती उरलं?"

"एक वॉशर!"

"एकच? पहिल्यांदा? माझे मूठभर उरले होते, आणि गाडी अजून चालते."

"म्हणून ती डावीकडे ओढते का?" मागून कुणीतरी म्हणालं.

शिगेला बाई आवडली. "स्पष्ट बोलते," तो फुनाकोशीला म्हणाला. "हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात."

तिच्या गाडीला तांब्याची नळी पिळली. ती चालवायला, शिगे शेजारी, आणि परत येताना बोल्ट आवळायला हवा म्हणून फुनाकोशी मागे, गुडघे हनुवटीला लावून. चढ सुरू झाला.

"अजून जागा आहे."

खाली येऊन पुढे घेतलं. परत चढ.

"अजून."

तिसऱ्या फेरीला मागच्या सीटवर फुनाकोशीला वाळू ऐकू आली. बाईलाही आली असावी, कारण तिनं मान जरा वाकडी केली.

"हा बारीक आवाज कसला?" तिनं विचारलं.

"कुठला?" शिगे म्हणाला. त्यानं कानझाकणांवर दोन्ही तळवे दाबले आणि डोळे आणखी घट्ट मिटले. त्याच्या कपाळावर एक शीर उठून दिसत होती. मागच्या आरशात बाईचे डोळे फुनाकोशीकडे लागले.

"खडे," फुनाकोशी म्हणाला. "रस्त्यावर खडी आहे. खालून लागतायत."

"अच्छा!" बाई म्हणाली.

शिगेनं तळवे खाली घेतले. "बस. इथंच ठेवू."

शेडपाशी त्यानं रेघ मारली. बाई इतकी वाकली की तिचे केस बंपरला लागले. फुनाकोशी तिला बाजूला घेऊन सांगणार होता. वाक्यही तयार होतं. पण शिगे तिच्या शेजारी उभा राहून, आखणीची सुरी कापडात गुंडाळत, वर्षभरात हसला नव्हता तसा हसत होता. बाई गाडीत बसली, हात केला आणि गेली.

त्या आठवड्यात फुनाकोशीनं तिला फोनवर निरोप लिहायला घेतला. आधी लिहिलं, 'ठिणगीचं टायमिंग थोडं मागे घ्या.' ते पुसलं; का, असं ती विचारेल. मग लिहिलं, 'अकुत्सुसानना त्या दिवशी सर्दी होती.' तेही पुसलं. ती शिगेला तब्येत विचारेल, आणि तेही मोठ्यानं. शेवटी त्यानं पाठवलं ते असं: 'उकाडा वाढत चाललाय. गाडीला जरा जपा.' त्याला वाटलं, समजणाऱ्याला एवढं पुरे. त्याला स्वतःला पुरलं असतं. बाईनं आभार मानले आणि गाडीवर ताडपत्री घातल्याचा फोटो पाठवला.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ती आली, दुसऱ्या कुणाच्या तरी छोट्या गाडीतून. फुनाकोशी रोपं लावता लावता उठून आला होता, हात चिखलाचे. बाईच्या हातात मिठाईच्या दुकानाच्या कागदात गुंडाळलेले दोन सारखे डबे होते. पैकी वरचा बान्नोनं घेतला, गोड असणार म्हणून उघडला आणि बराच वेळ आत बघितलं.

"हे जरा कडक झालंय," तो म्हणाला.

टॉवेलच्या घडीत पिस्टन होता.

बाई शिगेसमोर उभी राहिली आणि वाकली. "अकुत्सुसान, मला माफ करा! तुम्ही एवढं नीट लावून दिलंत आणि मला ते सांभाळता आलं नाही. मी फार वाईट चालवली!"

"उठा, उठा," शिगे म्हणाला. "कुठं झालं?"

"निक्कोच्या चढावर. ऑगस्टात. माझा भाऊ मागे बसला होता."

शिगेनं बान्नोच्या हातातून पिस्टन घेतला आणि चष्मा लावला. पिस्टनची एक कड उंदरानं तांदळाची बिस्किटं कुरतडावी तशी गेली होती. वरचा माथा बारीक बारीक टोचलेला. असे पिस्टन त्यानं तिथल्या प्रत्येकाला कधी ना कधी दाखवले होते, दुसऱ्यांचे. 'बघा, ऐकलं नाही की असं होतं,' असं म्हणत.

"नंतर टायमिंगला हात लावला होता?"

"नाही!" बाई अभिमानानं म्हणाली. "तुम्ही ठेवलं तिथंच होतं. रेघ अजून जुळलेली आहे, मी बघितलं."

शेडमध्ये कुणीतरी पाना खाली ठेवला, फार हळू.

"आवाज नाही आला?"

"आला की! तोच, खडे लागल्यासारखा. मला वाटलं, खडीच असेल." ती जरा थांबली. "पण तिथला रस्ता नवा होता. एक खडा नव्हता. तेव्हाच थांबायला हवं होतं. माझी चूक."

"खडे," शिगे म्हणाला. "खडे आहेत, असं कोण म्हणालं होतं?"

"फुनाकोशीसान! तुम्हीही होतात ना गाडीत."

शिगेनं फुनाकोशीकडे पाहिलं. फुनाकोशी हाताचा चिखल काढत होता. चिखल वाळला होता आणि सुटत नव्हता.

"मासातो," शिगे म्हणाला. पहिल्या नावानं त्यानं हाक मारली त्याला बरीच वर्षं झाली होती. "तुझं बॉनेट उघड."

"शिगे, आधी काहीतरी खाऊन घेऊ. बान्नोनं..."

"उघड."

त्यानं उघडलं. शिगे वाकला. रेघ तुटलेली होती. वरचा अर्धा आणि खालचा अर्धा, मध्ये नखाची जाडी. बाजूला मागच्या वर्षांच्या रेघा, त्याही तुटलेल्या. शिगे पुढच्या गाडीकडे गेला. बान्नोनं न सांगताच स्वतःचं बॉनेट वर केलं, आणि मग एकेक करून सगळ्यांनीच. शेडमध्ये ओळीनं बॉनेटं उघडी राहिली. शिगे पिस्टन हातात धरून त्यांच्यापुढून चालत गेला, प्रत्येकापाशी थांबत, तपासणी करणाऱ्या माणसासारखा.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"दोन वर्षं झाली असतील," फुनाकोशी म्हणाला.

"तीन," बान्नो म्हणाला, आणि तोंड मिटलं.

"सगळेच?"

बाई या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत होती. तिला आता समजायला लागलं होतं. "म्हणजे तुम्ही सगळे घरी जाऊन..." असं तिनं सुरू केलं. पहिल्यांदाच ती हळू बोलली होती, आणि शिगेनं कानामागे हात नेला.

ते पाहून तिनं वाक्य सोडून दिलं.

शिगे तिच्याकडे वळला आणि वाकला. ती वाकली होती त्याहून खाली, आणि बराच वेळ तसाच राहिला. पिस्टन दोन्ही हातांत होता. मग तो सरळ झाला आणि शेडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीकडे चालू लागला.

"शिगे," फुनाकोशी म्हणाला. "शिगे, थांब. ती ठीक आहे. तुझी ठीक आहे."

शिगेनं बॉनेट वर केलं, टेकू लावला. चष्मा पुसला. वाकून पाहिलं. मग मान आणखी खाली घातली आणि अंगठ्याचं नख त्या रेघेवरून आडवं फिरवलं. केसासारख्या रेघेत नख अडकत नाही. इथं अडकलं. रेघ रुंद होती, दोन्ही कडांना फाटलेली, चाकू ओढताना एकदा घसरलेला. वेल छाटणाऱ्या हाताची. रेघ मात्र बरोबर जुळलेली होती.

तो तिथं किती वेळ वाकून होता कुणी मोजलं नाही. फुनाकोशी त्याच्या पाठीकडे बघत राहिला. आता तो वळेल, काहीतरी बोलेल, ओरडेल. ओरडला तर बरं होईल, असं त्याला वाटत होतं.

शिगेनं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि इंजिनावर, त्या रेघेशेजारी ठेवली. बॉनेट तसंच उघडं राहू दिलं. आतल्या सीटवर तांब्याची नळी आणि कानझाकणं होती, तिकडे त्यानं पाहिलं नाही. पिस्टन तेवढा कोटाच्या खिशात टाकला. जड होता, कोट एका बाजूला खाली ओढला गेला.

मग तो शेडबाहेर पडला आणि बांधावरून रस्त्याकडे चालत निघाला. दोन्ही बाजूंना उंच गवत होतं. भर दुपारीही ते रातकिड्यांनी किर्र वाजत होतं, इतकं की शेडमधल्यांना एकमेकांचा श्वास ऐकू येत नव्हता. शिगे त्याच्या मधून, कुठंही न बघता, चालत गेला.